भांड्याचें मिटलेलें तोंड

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शहरांतील एका लहानशा कलादालनांत मातीच्या छोट्या शिल्पांचें एक प्रदर्शन भरलें होतें. वीतभर, फार तर हातभर उंचीच्या चाळीसएक वस्तु पांढऱ्या चौथऱ्यांवर मांडलेल्या होत्या. कांहीं नुसत्या भाजलेल्या मातीच्या, कांहींवर काचेसारखी झिलई चढविलेली. कांहींना तांब्याची तार, जुन्या लुगड्याची चिंधी, गंजलेला खिळा किंवा आरशाचा तुकडा जोडलेला. आमच्या घरीं दर उन्हाळ्यांत माठ आणून देणारे एक वृद्ध कुंभार आहेत. त्यांना मीं आग्रहानें बरोबर नेलें होतें. मी प्रत्येक वस्तूपुढें थांबून प्रथम तिच्याखालील चिठ्ठी वाचीत होतों. त्यांनीं एकहि चिठ्ठी वाचली नाहीं. रखवालदाराची नजर चुकवून त्यांनीं एका अंड्यासारख्या बंद वस्तूवर बोटाच्या पेरानें हलकेच टिचकी मारली, कान देऊन ऐकलें आणि ते म्हणाले, "साहेब, भाजलंय झकास. पण ह्याचं तोंड कुठं?"

मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. "ही नुसती पाहावयाची वस्तु आहे, बाबा," इतकेंच मी कसेंबसें बोललों. त्यांनीं मान डोलविली; पण तें समाधान नव्हतें, सौजन्य होतें. ज्या माणसानें उभा जन्म चाकापुढें बसून मातीला तोंड पाडलें, त्याला तोंड नसलेली मातीची वस्तु म्हणजे दार नसलेलें घर वाटावें, यांत नवल काय?

घरीं आल्यावर मात्र माझ्या लक्षांत आलें कीं हा प्रश्न नवा नाहीं. पाऊणशें वर्षांपूर्वीं जपानांतील क्योतो शहरीं तो उपस्थित झाला, आणि तो कोणा टीकाकारानें नव्हे, तर कुंभारआळींतल्याच तरुणांनीं उपस्थित केला. आज जगभर मातीचीं जीं छोटीं शिल्पें प्रदर्शनांतून मांडलीं जातात, त्यांच्या वंशावळींत या तरुणांचें स्थान बरेंच वरचें आहे. त्यांचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि त्या निमित्तानें माझें राहून गेलेलें उत्तर शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

क्योतो हें सन ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानच्या सम्राटांचें राजधानीचें शहर होतें. शहराच्या पूर्वेस कियोमिझू देवालयाच्या टेकडीकडे चढत जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या पायथ्याशीं गोजोझाका नांवाची जुनी कुंभारआळी आहे. उतारावर पायरीपायरीनें चढत गेलेल्या, एकीला एक लागून खोल्या असलेल्या लांबलचक भट्ट्या येथें असत. खालच्या खोलींतील जाळ वरच्या खोलींत शिरे, आणि अनेक घरांचा माल एकाच भट्टींत शेजारीं शेजारीं भाजून निघे. बाप ज्या भट्टींत भाजी तिच्यांतच मुलगा भाजी. बापाचे झिलईचे प्रमाण मुलाला वारशानें मिळे.

आपल्याकडे मडकें म्हणजे स्वस्त आणि क्षणभंगुर वस्तूचा नमुना. देहाच्या नाशवंतपणाला उपमा द्यावयाची तर ती मडक्याचीच. जपानांत गोष्ट उलट होती. सोळाव्या शतकांत सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूनें चहापानाला एखाद्या व्रताचें स्वरूप आणून दिलें. त्याच्या आवडीस अनुसरून चोजिरो नांवाच्या क्योतोच्या कारागिरानें हातानें घडविलेल्या, दिसावयास साध्यासुध्या अशा वाट्या आज त्या राष्ट्राच्या अमोल ठेव्यांत मोडतात. ओदा नोबुनागासारखा सेनानी पराक्रमी सरदारांना चहाचीं भांडीं बक्षीस देई, आणि तें बक्षीस जहागिरीच्या तोडीचें समजलें जाई.

ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पुढील बंडाचा अर्थ कळावयाचा नाहीं. युरोपांत व अमेरिकेंत मातीकामाला 'कला' म्हणवून घेण्यासाठीं झगडावें लागलें. जपानांत तो झगडा चारशें वर्षांपूर्वींच जिंकलेला होता. पण तो भांड्याच्या नांवानें जिंकलेला होता. चिनी आणि कोरियन भांड्यांचे जुने नमुने समोर ठेवून त्यांच्या जवळ जाणें हीच कुंभाराची प्रतिष्ठा. तेव्हां तेथील तरुणांची अडचण लोकांच्या तिरस्काराची नव्हती. ती आदराची होती. तिरस्काराशीं भांडतां येतें; आदराशीं भांडावयाचें तर स्वतःच्या बापाशीं, गुरूशीं आणि गिऱ्हाइकाशींच भांडावें लागतें.

यागी काझुओचा जन्म १९१८ मध्यें याच आळींत झाला. त्याचा बाप यागी इस्सो हा चाकावरील कौशल्याबद्दल नांवाजलेला कुंभार. तरुणपणीं तोहि नव्या विचारांच्या 'सेकिदोशा', म्हणजे 'तांबडी माती', या मंडळांत सामील झाला होता. पण तें मंडळ थोड्याच वर्षांत विसर्जित झालें. मुलाला त्यानें शाळेंत घातलें तें मातीकामाच्या नव्हे, तर मूर्तिकलेच्या वर्गांत. तेथून १९३७ मध्यें बाहेर पडल्यावर काझुओ हा नुमाता इचिगा या गुरूच्या सहवासांत आला. नुमाता फ्रान्समधील सेव्र येथील प्रसिद्ध कारखान्यांत चिनी मातीच्या मूर्ति करावयास शिकून आला होता.

येथें वाचकांस शंका येईल कीं मातीच्या मूर्ति जर पूर्वींपासून होतच होत्या, तर पुढील तरुणांनीं नवें तें काय केलें? शंका रास्त आहे. जर्मनींत माइसेन येथें अठराव्या शतकापासून चिनी मातीचीं पशुपक्ष्यांचीं व स्त्रीपुरुषांचीं सुबक चित्रें घडविलीं जात, आणि श्रीमंतांच्या मेजावर तीं शोभतहि. परंतु त्यांत माती ही केवळ सोयीचें द्रव्य होती. तोच ससा किंवा तीच गवळण पितळेची किंवा संगमरवरी असती, तरी कल्पनेंत फारसा फरक पडला नसता. शाळेंत शिकलेली मूर्तिकला आणि घरीं शिकलेलें चाक यांच्यामध्यें यागीला एक फट दिसत होती. मातीशिवाय, चाकाशिवाय आणि विस्तवाशिवाय जी होऊंच शकणार नाहीं अशी मूर्ति करतां येईल काय, हा त्याचा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर ना माइसेनपाशीं होतें, ना चहाच्या वाटीपाशीं.

१९४५ मध्यें जपाननें शरणागति पत्करली. क्योतो शहर मोठ्या बाँबहल्ल्यांतून बचावलें होतें. घरें उभीं होतीं, भट्ट्या उभ्या होत्या, पण ज्या व्यवस्थेवर माणसें विसंबून होतीं ती पडली होती. दुसऱ्याच वर्षीं तरुण कुंभारांचें एक मंडळ निघालें. तें १९४८ मध्यें मोडल्यावर त्यांतील यागी, यामादा हिकारु, सुझुकी ओसामु आणि आणखी दोघे अशा पांच जणांनीं 'सोदेइशा' नांवाचें नवें मंडळ स्थापन केलें. हें नांव मोठें मार्मिक आहे. चीनमधील 'च्युन' नांवाच्या जुन्या भांड्यांच्या झिलईंत कधीं कधीं वळवळत गेलेल्या बारीक रेषा उमटतात. चिखलांतून गांडूळ सरपटत गेल्यावर जशी खूण राहते तशा त्या दिसतात, म्हणून पारख्यांनीं त्यांना तसेंच नांव दिलें आहे. त्याच नांवावरून या तरुणांनीं आपल्या मंडळाचें नांव घेतलें. जुन्या विद्येचें ज्ञान त्यांत आहे, आणि आपण चिखलांत सरपटणारे आहों याची कबुलीहि आहे. गरुड किंवा सिंह निवडणारीं मंडळें पुष्कळ असतात. गांडुळाची वाट निवडणारें मंडळ विरळा.

इतिहासाला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. भांडें सोडून निव्वळ आकाराकडे वळणारे हेच पहिले होते असें नाहीं. त्याच शहरांत १९४७ मध्यें 'शिकोकाइ' नांवाचें दुसरें मंडळ निघालें होतें, आणि त्यांतील हायाशी यासुओ या विशीच्या तरुणानें १९४८ मध्येंच 'मेघ' नांवाची एक फुगीर, बंद, कोणत्याहि वापरास न येणारी वस्तु घडविली होती. सोदेइशाच्या लोकांचा मार्ग मंद होता. आरंभीं त्यांनीं भांडें भांडेंच ठेवलें. केवळ कोरियन पद्धतीनें पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या त्याच्या पोटावर पिकासो, क्ले आणि मिरो या युरोपीय चित्रकारांच्या धर्तीच्या रेषा काढल्या. जुन्या अंगावर नवा अंगरखा चढविला, इतकेंच. पण अंगरखा बदलल्यानें अंग बदलत नाहीं, हें त्यांना लौकरच उमगलें.

याच सुमारास दोन वारे बाहेरून आले. पिकासो दक्षिण फ्रान्समधील व्हालोरी या कुंभारांच्या गांवीं जाऊन स्वतः मातींत हात घालूं लागला होता. आणि जपानी पिता व अमेरिकन माता यांचा पुत्र इसामु नोगुची हा शिल्पकार जपानांत येऊन मातीच्या लहान मूर्ति करीत होता. १९५२ मध्यें कामाकुरा येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत नोगुचीनें त्या मांडल्या. त्याला ना चहाच्या वाटीचें ओझें, ना बापाच्या भट्टीचें. त्याचें तें मोकळेपण क्योतोच्या तरुणांना मोहक वाटलें असेल, आणि थोडें बोचलेंहि असेल.

१९५४ च्या डिसेंबरांत टोकियोमधील 'फॉर्म' या दालनांत यागीनें आपलें प्रदर्शन भरविलें. त्यांत सुमारें २७ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक, अशी एक तपकिरी वस्तु होती. तिचें नांव 'झाम्झा महाशयांचा फेरफटका'. चाकावर एक पोकळ कडें घडविलेलें. मोटारीच्या चाकावर रबरी धांव असते तसें, पण मातीचें. तें आडवें न ठेवतां उभें केलेलें. त्याच्या अंगावर चोहोंकडून लहान लहान आंखूड नळ्या बसविलेल्या. कांहीं वर, कांहीं बाजूंना, आणि खालच्या कांहीं अशा कीं त्यांवरच तें तोलून उभें राहतें. या नळ्या म्हणजे पाय म्हणावे तर त्यांना तोंडें आहेत, आणि तोंडें म्हणावीं तर त्यांत भरावयाचें कांहीं नाहीं.

या कृतीचें मर्म कुंभाराला चटकन कळेल. चाकाचा एक अबाधित नियम आहे. चाकावर जें जें घडतें तें एका उभ्या रेषेभोंवतीं, सर्व बाजूंनीं सारखें घडतें. आणि ज्या बाजूवर तें घडलें त्याच बाजूवर तें पुढें आयुष्यभर बसतें. तळ खालीं, तोंड वर. यागीनें चाक टाकलें नाहीं. कडेंहि चाकावरचेंच, नळ्याहि चाकावरच्याच. बदललें तें इतकेंच कीं चाकावरून उतरलेली वस्तु त्यानें एक चतुर्थांश फेरा देऊन उभी केली आणि त्या उभ्या रेषेची सत्ता संपविली. चाकानें जन्मास घातलेली वस्तु स्वतःच चाकासारखी चालावयास निघाली. बाहेरच्या शिल्पकाराला हें सुचलें नसतें. तो चाकाच्या धाकांत वाढलेलाच नव्हता.

नांवाचा उलगडाहि केला पाहिजे. फ्रान्झ काफ्का या प्रागच्या जर्मन लेखकाची एक दीर्घकथा १९१५ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांतील ग्रेगोर झाम्झा हा फिरता विक्रेता एके सकाळीं जागा होतो तों आपण एक प्रचंड किडा झालों आहों असें त्यास आढळतें. कथेचें दुःख किडा होण्यांत तितकेंसें नाहीं. झाम्झा हा घरांतला एकटा मिळवता; आईबाप व बहीण त्याच्या मिळकतीवर जगत. तो उपयोगाचा होता तोंवर घरचा होता. उपयोग संपला तेव्हां त्याला खोलींत कोंडण्यांत आलें, आणि अखेर त्याच्या मरणानें घराला सुटकाच वाटली.

आतां भांड्याकडे पाहावें. भांडें हेंहि घरांतलें मिळवतें माणूसच. तें पाणी धरतें, धान्य धरतें, म्हणून त्याला घरांत जागा. एके सकाळीं तें जागें झालें, आणि त्याला तोंडाऐवजीं पाय फुटलेले! आतां त्यानें काय करावें, आणि घरच्यांनीं त्याचें काय करावें? काफ्काच्या झाम्झाला घराबाहेर पडतां आलें नाहीं. यागीनें मात्र आपल्या झाम्झाला फिरावयास धाडलें. भांडीं करणाऱ्या घरांत जन्मलेल्या मुलानें निरुपयोगी झालेल्या भांड्याला दिलेली ही मोकळीक आहे. ती वस्तु विनोदी दिसते, आणि तो विनोद दयेंतून आलेला आहे, असें मला वाटतें.

अशा वस्तूंना जपानांत पुढें 'ऑब्जे-याकी' असें एक धेडगुजरी नांव पडलें. फ्रेंच 'ऑब्जे' म्हणजे वस्तु, आणि जपानी 'याकी' म्हणजे भाजलेलें. आक्षेपहि पुष्कळ आले, आणि ते सर्वच अडाणीपणाचे नव्हते. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) या तत्त्वचिंतकाचें लोककलेविषयींचें मत त्या काळीं फार मान्यता पावलेलें होतें. सौंदर्य हें वापरांतून उगवतें, आपलें नांव न लावणारा कारागीर नित्याच्या उपयोगासाठीं जें करतो त्यांतच तें निर्मळ असतें, असें त्याचें म्हणणें. ज्यानें घासूनपुसून तुकतुकीत झालेलें जुनें भांडें हातांत धरलें आहे, त्यास हें म्हणणें खोडून काढतां येणार नाहीं. पण त्याच यानागीचा जिवलग सहकारी, गोजोझाकामध्येंच राहणारा थोर कुंभार कावाई कांजिरो (१८९०–१९६६) उतारवयांत वापराशीं फारसा संबंध नसलेल्या आकारांकडे आणि लांकडी मुखवट्यांकडे वळला. तेव्हां ही ओढ केवळ तरुणांच्या उच्छृंखलपणाची नव्हती. हातांतच कांहीं तरी असें असतें कीं तें उपयोगाच्या पलीकडे जाऊं पाहतें.

दुसरा आक्षेप पोटाचा. तोंड नसलेलें भांडें विकत कोण घेणार? यागीला हा प्रश्न पुस्तकांत वाचावा लागला नाहीं. तो जन्मभर वाट्या, फुलदाण्या व नित्याचीं भांडीं करीत राहिला, आणि स्वतःला चहाच्या वाट्या करणारा म्हणवून घेण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. बंडखोर म्हणून त्याची कीर्ति झाली, पण घर सोडून जाणारा बंडखोर तो नव्हे. घरांत राहून, घरच्याच हत्यारांनीं, घरच्यांना न कळणारें कांहीं तरी करीत राहणें हें अधिक अवघड आहे, आणि तें त्यानें केलें.

भांड्याचें तोंड मिटविणें ही हातांच्या दृष्टीनेंहि सोपी गोष्ट नाहीं. ओली माती वाळतांना आणि भाजतांना आकसते. साधारणतः दहावा हिस्सा तरी कमी होते. भिंत एके ठिकाणीं जाड व एके ठिकाणीं पातळ राहिली, तर ती असमान आकसून तडकते. म्हणून मातीची मूर्ति पोकळ ठेवावी लागते, आणि म्हणूनच ती बहुधा लहान असते. भट्टीच्या दाराहून मोठें स्वप्न कुंभाराला पाहतां येत नाहीं. शिवाय पूर्णपणें बंद केलेली वस्तु भट्टींत तापली, म्हणजे आंत कोंडलेली हवा व वाफ तिला फोडूं पाहते. त्यामुळें बाहेरून बंद दिसणाऱ्या प्रत्येक आकाराला कोठें तरी तळाशीं सुईएवढें एक छिद्र ठेवावें लागतें. तार, कापड, आरसा यांचें तसेंच. विस्तवांत तीं टिकणारीं नव्हेत. तीं मागाहून जोडावयाचीं. तेव्हां अशा मिश्र शिल्पांत दोन काळ एकत्र नांदत असतात, विस्तवापूर्वींचा आणि विस्तवानंतरचा.

१९५७ पासून यागी काळ्या मातीकामाकडे वळला. झिलई नाहीं, रंग नाहीं. घासून गुळगुळीत केलेली वस्तु मंद आंचेवर, धूर कोंडून भाजावयाची, म्हणजे धुराचें काजळ तिच्यांत मुरून ती काळी होते. आपल्याकडे काळीं मडकीं याच तत्त्वावर करतात. झिलईच्या सौंदर्यावर भाळणाऱ्या जपानी रसिकापुढून त्यानें झिलईच काढून घेतली, आणि उरला तो केवळ आकार. पुढें त्यानें मातीला शिशाची जोड दिली, मातीचीं पत्रें व पुस्तकाचीं पानें घडविलीं. वाचतां न येणारीं तीं पानें पाहून हंसूं येतें आणि अस्वस्थहि वाटतें. क्योतोच्या कलाविद्यालयांत त्यानें अध्यापन केलें. १९७२ मध्यें साप्पोरो येथें झालेल्या हिवाळी ऑलिंपिकच्या पदकांची एक बाजू त्यानें घडविली. १९७९ मध्यें तो वारला. सुझुकी मातीचे घोडे आणि पक्षी, यामादा पडद्यासारखे उभे पातळ फलक घडवीत राहिला. दोघेहि २००१ मध्यें निवर्तले. मंडळ त्याआधींच, १९९८ मध्यें, बरोबर पन्नास वर्षें पुरीं करून विसर्जित झालें होतें.

आतां पुन्हा आमच्या शहरांतील त्या दालनाकडे वळूं. तेथील चाळीस वस्तूंपैकीं कित्येक मला आतां आठवत नाहींत. त्यांत माती होती, तार होती, चिंधी होती, आणि चिठ्ठीवर लांबलचक नांवहि होतें. पण ती वस्तु कागदाच्या लगद्याची असती तरी कांहीं बिघडलें नसतें. दोनचार वस्तु मात्र आठवतात, आणि बाबांनीं टिचकी मारली ती त्यांतलीच. गोरोबाकाकांनीं संतमंडळीच्या डोक्यावर थापटणें मारून कच्चें कोण आणि पक्कें कोण हें पारखल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. ती परीक्षा आपल्या इकडच्या कुंभाराच्या हातांत अजून आहे. आमच्यासारख्या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांच्या हातून ती केव्हांच गेली.

बाबांनीं प्रथम भाजणी पाहिली आणि मग तोंडाविषयीं विचारलें. क्रम योग्य होता. आधीं ही वस्तु खरोखर मातीची व विस्तवाची आहे काय. आणि असेल, तर हिनें आपलें तोंड कां मिटलें? पहिल्या प्रश्नाला जी वस्तु उतरत नाहीं तिला दुसरा विचारण्यांत अर्थ नाहीं. आणि जी उतरते तिनें दुसऱ्याचें उत्तर दिलेंच पाहिजे असें नाहीं, पण तो प्रश्न तिनें ऐकला आहे असें तिच्याकडे पाहून वाटलें पाहिजे. गोजोझाकाच्या त्या मुलांनीं तो आपल्या बापांच्या तोंडून रोज ऐकला होता. म्हणूनच त्यांच्या मिटलेल्या भांड्यांतून अजून कांहीं ऐकूं येतें.

येत्या चैत्रांत बाबा माठ घेऊन येतील तेव्हां झाम्झा महाशयांचें चित्र त्यांना दाखवावयाचें मीं ठरविलें आहे. तें पाहून ते काय म्हणतील हें मला सांगतां येत नाहीं. कदाचित् ते विचारतील, "इतकी तोंडं कशाला?" पण या खेपेस मी चिठ्ठी वाचून दाखविणार नाहीं. कडें चाकावर कसें फिरविलें आणि मग उभें कसें केलें, तेवढें सांगेन, आणि पुढचें त्यांच्याकडूनच ऐकेन.